गोळ्या वाढल्या

मगदूम सरांनी टेबलावर एका बाजूला पिवळ्या पुठ्ठ्याची डायरी ठेवली, दुसऱ्या बाजूला काळा टॅब ठेवला आणि विचारलं, "बोल सुनेत्रा. कागद की हा?"

"तुमचं ठरलंय सर," मी म्हटलं. "टॅबला चार्जर लावलाय आणि डायरीवर चहाचा कप ठेवलाय."

त्यांनी कप उचलून बाजूला ठेवला. हसले मात्र नाहीत.

मिरजेतल्या त्यांच्या हॉस्पिटलात मी औषधांच्या चाचण्यांचं काम बघायची. नवी गोळी बाजारात येण्याआधी ती माणसांवर आजमावतात. रुग्ण तपासायचे डॉक्टरांनी. बाकीचं सगळं, म्हणजे समजावून सांगणं, तारखा देणं, रिकाम्या बाटल्या परत घेणं आणि कुणी आलं नाही तर फोन करून त्यांचं डोकं खाणं, माझ्याकडे. या वेळची गोळी कंपवातावरची होती आणि चाचणी चालवणारी कंपनी हैदराबादची. रुग्णानं घरी रोजची नोंद कागदी डायरीत करायची की टॅबवर, एवढं ठरवायचं त्यांनी आमच्यावर सोडलं होतं. उत्तर त्याच दिवशी कळवायचं होतं.

"मला विचाराल तर कागद," मी म्हटलं. "आपली माणसं म्हातारी. गावात वीज असते, नसते. आणि टॅबवर काय, दोन-तीन बटणं, त्यातलं एक दाबा. कागदावर माणूस मनातलं लिहितो. मागच्या वेळी एकानं लिहिलं होतं बघा, सकाळी बरं होतं, दुपारी मेव्हणा आला, मग हात जास्त थरथरला."

"ते तू कधी वाचलंस?"

"पुढच्या भेटीला."

"आणि त्यानं कधी लिहिलं?"

महिन्याभराची डायरी आमच्याच बाकड्यावर बसून, माझ्याकडून पेन मागून घेऊन, एका दमात भरणारे कितीतरी होते. पेन मीच द्यायची.

"अंजनाबाई आठवते?" सरांनी विचारलं.

ते नाव निघालं की मी वाद सोडून द्यायची. अंजनाबाई आधीच्या एका चाचणीत होती, फिट येण्यावरच्या गोळीच्या. ती मात्र रोजच्या रोज लिहायची, मोठ्या वाकड्या अक्षरात. आज चक्कर आली. आज पण चक्कर. आज उठवत नाही. भेटीच्या दिवशी तिचा मुलगा एकटाच आला. डोक्याचा गोटा केलेला. आईनं भरलीय, तुम्हाला लागेल म्हणून आणली, असं म्हणून त्यानं डायरी माझ्या हातात दिली. ती पानं वाचताना सर माझ्या शेजारी उभे होते. वाचून झाल्यावर आम्हाला एकमेकांकडे बघवेना.

"कागद गप्प पडून राहतो गं," सर म्हणाले. "हा निदान बोंब तरी मारेल."

मेल त्यांनी तोंडी सांगितला, मी टाइप केला. आम्हाला टॅब हवा. शेवटची अट त्यांनीच घातली: औषधाचं काही कमी-जास्त झाल्याचं टॅबवर आलं, तर कंपनीच्या डॉक्टरांनी आमची वाट बघू नये, थेट रुग्णाच्या घरी फोन करावा आणि पुढचं ठरवावं. मला ती अट पटली. इतक्या वर्षांनीही मला तिच्यात चूक सापडत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

दत्तोबा कासार आमच्याकडे आले ते या चाचणीत. हिंगणवाडीचे. बांगड्या भरणारे. आजूबाजूच्या सगळ्या गावांतल्या बायका त्यांना कासारमामा म्हणायच्या. परक्या बाईचा हात हातात धरायचा तर तो मामाच असायला हवा, अशी ती रीत. लग्नाचा चुडा असो, डोहाळजेवणाची हिरवी काच असो, मामा पेटी घेऊन हजर. आणि आता याच माणसाचे हात थरथरायला लागले होते. बांगडी मनगटापर्यंत जाईपर्यंत टिकायची नाही. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण हात पुढे करायच्या बंद झाल्या. जुन्या औषधांचा जोर ओसरला होता. मामा रोज सकाळी पेटी पुसून उंबऱ्याशी ठेवायचे आणि संध्याकाळी उचलून आत ठेवायचे.

हे सगळं मला सांगितलं त्यांच्या बायकोनं, मालनकाकूंनी. मामा स्वतः कमी बोलायचे. काकू दोघांचं मिळून बोलायच्या.

"ताई, ह्यास्नी खरी गोळी मिळणार का खोटी?" संमतीपत्रावर सही करताना त्यांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही काकू. सरांनाही नाही. काहींना खरी, काहींना नुसती दिसायला तशी. कुणाला कुठली, ते कंपनीच्या संगणकात बंद असतं. चाचणी संपेपर्यंत कुणी उघडायचं नाही."

"म्हंजी नवरीचं तोंड झाकल्यावानी."

"अगदी तसंच."

टॅब काकूंच्याच हातात द्यावा लागला. मामांचं बोट एका बटणावर ठरायचं नाही. काकू चौथी शिकलेल्या. एकेक अक्षर मोठ्यानं वाचत त्यांनी सगळे प्रश्न पालथे घातले. हात किती थरथरला. झोप लागली का. आणि मग, आज गोळ्या: नेहमीप्रमाणे घेतल्या, कमी झाल्या, वाढल्या. मराठी भाषांतर कंपनीनं कुठूनतरी करून आणलं होतं, पण बरं होतं. काकू त्या ओळीवर थांबल्या, पुन्हा वाचली आणि कौतुकानं मान हलवली.

"वळणाचं हाय ह्ये मशीन."

"हो ना, अक्षर छान मोठं आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं आणि टॅब पदराखाली घेतला.

दुसरी बाटली निम्मी झाली असेल, त्या सुमाराला मामा एकदा पेटी घेऊनच हॉस्पिटलात आले. तपासणीच्या खोलीत माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "हात द्या." मी म्हटलं, मामा, आज तुमचे हात आम्ही बघायचे असतात. त्यांनी ऐकलं नाही. माझं मनगट धरलं, अंगठ्याखालचं हाड दाबून हात लहान केला आणि हिरव्या बांगड्या एकामागून एक चढवत गेले. मी कळवळले. एवढ्या लहान मापाच्या बांगड्या मला कधी कुणी भरल्या नव्हत्या. काकू पूर्ण वेळ मामांच्या बोटांकडे बघत होत्या. शेवटची बांगडी चढली तसा त्यांनी श्वास सोडला.

"एकबी वाढली न्हाई," त्या म्हणाल्या.

कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. ते काही नवं नव्हतं. माझी आईसुद्धा तसंच म्हणायची. मी हात हलवून बांगड्या वाजवल्या आणि मामा हसले. त्या आजारात चेहरा गोठल्यासारखा होतो, हसू यायला वेळ लागतो. त्या दिवशी लगेच आलं. सर दारात उभे राहून बघत होते. ही खरी गोळी आहे हे कुणी बोललं नाही, बोलायचंच नसतं, पण आम्ही सगळे मनातून तेच समजून चाललो होतो.

मामा पुन्हा गावोगाव जायला लागले. काकूंच्या फोनमध्ये ऐकू यायचं, मागे बायकांचा गलका आणि मामांचा आवाज, हात सैल सोड, हात सैल सोड.

मग एसटीचा संप झाला. मामांची भेटीची तारीख त्यातच आली. मी काकूंना फोन करून सांगितलं, गडबड करू नका, बाटलीत थोड्या जास्तीच्या गोळ्या असतातच, गाड्या सुरू झाल्या की या. संप लांबत गेला. वडापची जीप मिळाली की सोमवारी येतो, असा काकूंचा निरोप आला. मी निर्धास्त होते.

आदल्या दिवशी रविवारी दुपारी मी घरी पावटे सोलत बसले होते. सरांचा फोन आला.

"लगेच ये. कासारला आणतायत. गोळ्या जास्त गेल्यात."

"कुणी सांगितलं?"

"हैदराबादहून फोन आला. टॅबवर आलंय, आणि त्यांनी घरी फोन करून खात्री केलीय. सगळ्या गोळ्या घेतल्या म्हणे."

पावटे तसेच टाकून मी निघाले. रिक्षात बसून मी काय काय नवस बोलले ते सांगत नाही. डोळ्यांसमोर अंजनाबाईचा मुलगा येत होता. एवढं मात्र मनात आलं की टॅब घेतला ते बरं झालं. कागद असता तर हे आपल्याला कळलंसुद्धा नसतं.

मामा कॉटवर ताठ बसले होते. एका हाताला सलाईन. दुसरा हात मांडीवर, अगदी स्थिर. शेजारच्या कुणाच्या तरी टेम्पोतून त्यांना आणलं होतं आणि आपल्यामुळे सगळ्यांची रविवारची दुपार मोडली म्हणून ते ओशाळले होते. नर्स सारखं ब्लडप्रेशर बघत होती. ते चांगलं होतं.

काकू दाराशी उभ्या. एका हातात कापडात गुंडाळलेला टॅब, दुसऱ्यात रिकामी बाटली.

"ताई, माजं काय चुकलं ओ?" मला बघताच त्यांना रडू फुटलं. "त्या बाई फोनवर वरडाय लागल्या. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या म्हणल्या. ह्ये तर जेवून सुपारी कातरत बसलं हुतं."

"काकू, टॅबवर काय दाबलंत?"

"गोळ्या वाढल्या म्हणून दाबलं."

"किती वाढल्या?"

"समद्याच की. सकाळी शेवटची दिली." त्यांनी बाटली उलटी करून दाखवली. "तुमास्नी कळावं, नवी बाटली काढून ठेवावी, म्हणून दाबलं."

मी बाटलीकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "म्हणजे गोळ्या संपल्या?"

काकूंचा हात माझ्या तोंडावरच आला. "असं म्हणू नगा ताई! त्येंच्या जिवाचं औषिद हाय. त्येला कुणी तसं म्हणतं व्हय?"

माझ्या मागे सर उभे होते. त्यांनी ऐकलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. आवरेचना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले. सरही खुर्ची ओढून मटकन बसले आणि हसायला लागले.

"सलाईन काढा त्यांचं," ते नर्सला म्हणाले. "माणूस ठणठणीत आहे."

"आन् त्या बाई," काकूंना आता धीर आला, "त्या हिंदीत इचारत हुत्या, दवा बढ गई क्या? मी म्हणलं, हां जी. त्या म्हणल्या, कितनी? मी म्हणलं, सब बढ गई. तशा वरडल्याच की!"

आम्ही पुन्हा हसलो. मामासुद्धा हसले. त्या खोलीतला तेवढा वेळ मला अजून आठवतो. इतकं हलकं मला त्या नोकरीत पुन्हा कधी वाटलं नाही.

सरांनी तिथूनच हैदराबादला फोन लावला आणि मोठ्यानं बोलता यावं म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडे डॉक्टर शर्वाणी होत्या, काकूंना फोन करणाऱ्या. आवाजावरून तरुण वाटायच्या, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. सरांनी इंग्रजीत सगळं सांगितलं. वाढणे म्हणजे काय, संपणे का म्हणायचं नसतं. त्यांनी मध्येच विचारलं, "म्हणजे पेशंट ठीक आहे?"

"अगदी ठीक."

"देवा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही आहे हे. माझी आजी तांदूळ संपले म्हणत नाही. तांदूळ भरले म्हणते."

मला वाटलं आता त्याही हसतील. आम्ही वाट बघितली. पलीकडून काहीच येईना. लाईन तुटली की काय म्हणून सरांनी फोन हातात घेतला.

"डॉक्टर मगदूम," त्या म्हणाल्या, "मी कोड उघडलाय."

सरांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. माणसानं सगळ्या गोळ्या एकदम घेतल्यात असं कळलं, तर त्याला वाचवायला आधी हे बघावं लागतं की गोळी खरी होती की खोटी. त्यासाठी संगणकात बंद ठेवलेलं उघडता येतं. पण एकदा उघडलं की तो माणूस चाचणीतून बाहेर. परत आत नाही. संमतीपत्रातही ते लिहिलेलं होतं, मीच काकूंना वाचून दाखवलं होतं. झाकलेलं तोंड एकदा बघितलं की बघितलं.

सरांनी फोन ठेवला. "खरी होती," एवढंच म्हणाले.

काकूंना ते दोन शब्द ऐकू गेले. त्यांचा चेहरा उजळला. "खरी हुती न्हवं? मला म्हाईतच हुतं!"

नंतरचे काही आठवडे मी पत्रं लिहीत होते. कंपनीला, गोळी बनवणाऱ्या तिच्या वरच्या कंपनीला, चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीला. वाढणे हे क्रियापद मी इंग्रजीत समजावून सांगत होते. बांगडी वाढते. देवापुढचा नारळ वाढवतात. घरातलं कुंकू संपत नाही, वाढतं. शाळेत मला व्याकरणाचा राग यायचा, आणि आता एका माणसाचे हात व्याकरणावर टांगलेले होते. टॅबमधली नोंद दुरुस्त करायचीही सोय होती. कारण निवडा, असं यायचं: चुकून दाबलं, वेळ चुकली, रुग्णाला प्रश्न समजला नाही, इतर. काकूंनी चुकून दाबलं नव्हतं. प्रश्न त्यांना आमच्यापेक्षा चांगला समजला होता. मी 'इतर' निवडलं.

उत्तरं आली. सगळी सभ्य होती. तुमचं स्पष्टीकरण नोंदवून घेतलं आहे. पुढच्या चाचण्यांसाठी भाषांतर तपासून घेऊ. कुणी आम्हाला खोटं ठरवलं नाही, कुणी उद्धटपणा केला नाही. भांडायला कुणीतरी लागतं. शर्वाणींनी तर आपल्या वरिष्ठांना आमच्या बाजूनं लिहिलं होतं. एकदा फोनवर मला म्हणाल्या, "सुनेत्रा, मी तेलुगूत विचारलं असतं आणि तिनं मराठीत सांगितलं असतं, तरी मला कळलं असतं गं." मधली हिंदी ना त्यांची होती ना काकूंची.

मामांच्या नंबरची पुढची बाटली आमच्या कपाटात होती. कपाटाची चावी माझ्याकडे होती. संप मिटला तसे दोघं एक दिवस आले, तेव्हा मी त्यांना कपाटासमोरच्या बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं.

"बाटली हाय न्हवं कपाटात?" काकूंनी विचारलं.

"आहे."

"मग?"

"ती देता येत नाही काकू. संगणक परवानगी देत नाही. मी अशीच काढून दिली तर सरांची सगळी चाचणी बंद होईल. बाकीच्या रुग्णांच्या गोळ्यासुद्धा थांबतील."

"इकत मिळंल? मोट्या गावात?"

"अजून बाजारात आलेली नाही."

मामा कपाटाकडे बघत होते. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागला होता, नकळत, विडी वळल्यासारखा. काकूंनी तो हात आपल्या हातात धरला.

"ताई," मग त्यांनी विचारलं, "मी त्यो दुसरा शबुद म्हणाय पायजे हुता?"

प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तरही खरं होतं. "तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हटलं.

"त्ये न्हाई इचारलं मी. म्हणलं असतं तर बाटली मिळाली असती का?"

"मिळाली असती."

"म्हणाली नसती ती," मामा म्हणाले. "जीव गेला तरी म्हणाली नसती." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. थोडा अभिमानच होता. मला तो सहन झाला नाही आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

उन्हाळ्याच्या आधी कंपनीचं पत्र आलं, टॅब परत पाठवा. मी ते घेऊन सरांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी उभे होते.

"कागद घेतला असता," ते म्हणाले, "तर सोमवारी ते पान तुझ्या हातात आलं असतं. तू वाचलं असतंस, गोळ्या वाढल्या, आणि दुसरी बाटली काढून दिली असतीस. विचारसुद्धा केला नसतास."

"हो सर."

"तू कागद म्हणाली होतीस."

"आणि अंजनाबाई कागदावरच गेली," मी म्हटलं. "असा हिशेब करू नका सर. त्यानं काही होत नाही."

त्यांनी मान हलवली, पण ते काही त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढच्या चाचणीच्या वेळी कंपनीनं पुन्हा विचारलं, कागद की टॅब. मेल सरांच्या टेबलावर पडून राहिला. आम्ही उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनी आपणहून टॅब पाठवले. पुढे मी ती नोकरी सोडली. आता एका शाळेच्या कचेरीत बसते.

पण ते पत्र आलं तेव्हा मामांकडचा टॅब आणायला मी स्वतःच हिंगणवाडीला गेले. काकूंनी तो पुसून, चार्जरची वायर गुंडाळून, कोनाड्यात ठेवला होता. चहा झाला. पेटी उंबऱ्याशी होती, पुसलेली. मामांचे दोन्ही हात आता कोपरापासून हलत होते. बशीतला चहा काकू त्यांना पाजत होत्या. इकडचं तिकडचं बोलून मी टॅब पिशवीत टाकला आणि उठले.

"येते मामा."

"थांबा," मामा म्हणाले. "माज्या घरातनं बाई मोकळ्या हातानं जात न्हाई. हात द्या."

"ऱ्हाऊ द्या की," काकू म्हणाल्या. "त्येंची गाडी जाईल."

पण मी बसले आणि हात दिला. मामांनी पेटी उघडली. हिरव्या बांगड्यांतली एक निवडायलाच त्यांना किती वेळ लागला. माझं मनगट धरलं तसा त्यांच्या हातातला कंप माझ्या हातात आला. त्यांनी अंगठ्याखालचं हाड दाबलं. बांगडी बोटांच्या गाठीपर्यंत आली. मी हात शक्य तितका सैल सोडला, जिवाच्या आकांतानं सैल सोडला. मामा ओठ घट्ट मिटून बांगडी पुढे सरकवत होते.

कच्च असा बारीक आवाज झाला. तुकडे माझ्या मांडीवर पडले. हातावर थोडंसं रक्त आलं.

"वाढ..." काकूंच्या तोंडून गेलं. आणि तिथंच त्या थांबल्या. त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली, टॅबचा काळा कोपरा वर दिसत होता तिकडे. मग माझ्याकडे.

"फुटली, ताई," त्या स्पष्ट म्हणाल्या. "फुटली."

मामांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मी तुकडे वेचायला लागले.